सवतीचे उंदीर

आमच्या म्हाताऱ्याचं माझ्यावर प्रेम होतं की नाही कोण जाणे, पण त्याच्या पाखरावर होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मोरघार होती ती. डोक्यावर तुरा, पिवळेजर्द डोळे, आणि पंख पसरले तर आमच्या दारात मावायचे नाहीत. पिल्लू होती तेव्हा म्हाताऱ्यानं तिला कड्यावरच्या घरट्यातून उतरवून आणलं, आणि पुढची अकरा वर्षं ती आमच्या घरामागच्या खोपटात राहिली. म्हातारा, म्हणजे आमचा इवामात्सू, तिला नुसतं ‘पाखरू’ म्हणायचा. मी सवत म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, त्याच्याही आणि तिच्याही.

“सवतीचं जेवण झालं का हो?”

“तुझं झालं ना? मग गप बस.”

असं आमचं चालायचं. बाईमाणसानं त्या खोपटात पाऊल टाकायचं नाही, पाखराला शिवायचं नाही, असा आमच्याकडचा नियम. डोंगरावरची देवी बाई आहे आणि तिला दुसरी बाई खपत नाही म्हणे. म्हणजे मी लग्नाची बायको, पण सवतीच्या घरात मला मज्जाव. तिचं नुसतं ऐकायचं. खोपटाच्या मागच्या भिंतीला लागूनच माझा कपडे धुवायचा दगड होता, त्यामुळे ऐकायला मात्र पोटभर मिळायचं.

त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. ऐन जुलैत आम्ही शेकोटीभोवती बसत होतो. भाताच्या लोंब्या भरल्याच नाहीत. वाकायला वजनच नव्हतं, म्हणून कापणीपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. आमचा मुलगा सेइजी उत्तरेला हेरिंग मासळीच्या होड्यांवर कामाला गेला. गावात हिंडतेफिरते पुरुष होते तेवढे सगळेच गेले. हात्सुए, माझी सून, तेव्हा पोटुशी होती. जानेवारीच्या शेवटी बाळंत झाली. मुलगी झाली. फुमी नाव ठेवलं.

पहिले पंधरा दिवस ठीक गेले. मग हात्सुएच्या अंगावरचं दूध आटायला लागलं. येणार कुठून? ती खात होती मुळ्याचा वाळलेला पाला आणि रानातल्या चेस्टनटचं पीठ. आंबवलेल्या सोयाबीनचा मिसो तर नुसता पाण्याला वास लागण्यापुरता. कोंबड्या आम्ही बर्फ पडायच्या आत खाऊन संपवल्या होत्या. पोर छातीला लागायचं, ओढ ओढ ओढायचं आणि मग रडायचं. भाताची पेज गाळून बोटानं चाटवली तर ओकून टाकायचं.

सुईण येऊन बघून गेली. दारात मला बाजूला घेऊन म्हणाली, “तोसे, हिच्या पोटात मांस घाल. हाडांचा रस्सा, रक्त, काहीतरी घाल. पंधरा दिवसांत दूध आलं नाही तर पोरीचं मला काही सांगता येत नाही.”

मी आत येऊन म्हाताऱ्यासमोर बसले. “ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग?”

“मग काय? उद्यापासून पाखरू आवळतो.”

आवळणं म्हणजे उपाशी ठेवणं. पोट भरलेलं पाखरू शिकार करत नाही. झाडावर बसून खालची गंमत बघतं. म्हणून शिकारीआधी त्याला अंधारात बांधून ठेवायचं, खायला काही द्यायचं नाही. रोज सकाळी म्हातारा पाखराच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवायचा. हाड सुरीच्या पाठीसारखं लागलं की पाखरू तयार. सुरीच्या धारेसारखं लागलं तर उशीर झाला. या दोन्हींच्या मधलं अंतर दोन-तीन दिवसांचंच असतं, आणि ते ओळखणारा अंगठा आमच्या खोऱ्यात एकट्या इवामात्सूकडे उरला होता. त्याचा त्याला केवढा ताठा! ज्यांच्याकडे पाखरू नाही ते लोक पेंढ्याचं कडं वळून बर्फावर भिरकावतात. त्याचा आवाज पंखांसारखा येतो आणि ससा घाबरून बर्फातल्या भोकात शिरतो, मग हातानं उकरून काढायचा. आठवड्यात एखादा मिळाला तर नशीब. शेजारचा लंगडा गोन्स्के हेच करायचा. आमचा म्हातारा त्याला हसायचा. “पेंढा काय शिकार करतोय! उद्या पेंढ्याची बायको कर म्हणावं.”

“करेलही,” मी म्हणायचे. “निदान ती सवत तरी आणणार नाही.”

आता मी अकरा वर्षं काय करत होते ते सांगते. लपवून तरी काय करायचंय आता.

मी तिला चोरून खायला घालत होते. पहिल्याच वर्षी, आवळायला घेतल्यावर चौथ्या दिवशी, मी दगडावर कपडे धूत होते आणि ती पलीकडून ओरडत होती. मला भुकेल्याचा आवाज सहन होत नाही. बस्स. त्याला काही कारण लागतं का? धान्याच्या पेटीजवळच्या सापळ्यात उंदीर मेला होता. तो सोलला, डोकं-शेपूट कापलं आणि फळ्यांच्या फटीतून आत सरकवला. सोलला अशासाठी, की केस पोटात गेले की पाखरू दुसऱ्या दिवशी केसांची गोळी ओकतं, आणि म्हातारा ती गोळी काठीनं उसकटून बघतो. मी काही दूधखुळी नव्हते. तेव्हापासून दर हिवाळ्यात, आवळायचे चौदा दिवस, रोज एक सोललेला उंदीर. ती माझ्या पायांचा आवाज ओळखायची. मी फटीशी गेले की ओरडणं थांबवायची. शिवी सवतीची द्यायची आणि घास लेकीचा भरवायचा, असं माझं चाललं होतं.

पण त्या वर्षी नाही. पहिल्याच सकाळी उंदीर सापडला. मी सुरी घेतली आणि तेवढ्यात आत फुमी रडली. ते रडणंही धड नव्हतं, नुसतं कण्हणं. माझा हात थांबला. म्हटलं, नाही. या वर्षी सवत कडकडून भुकेली व्हायला हवी. या वर्षी तिनं दिसेल त्या सशावर तुटून पडायला हवं. तो उंदीर मी बर्फात फेकला, कोल्ह्यासाठी. त्यानंतरचेही फेकले. कपडे धुवायला दगडावर जायचंच बंद केलं, घरातच धुतले.

ओरडायची ती. घरात ऐकू यायचं. एकीकडे पोर, एकीकडे पाखरू. कानात बोळे घालावेसे वाटायचे. मी मनात म्हणायचे, ओरड बाई, ओरड, जितकी ओरडशील तितका मोठा ससा आणशील.

नवव्या दिवशी तिचा आवाज बदलला. आधी लांब हाक यायची, आता तुटक यायला लागली, मध्येच घशात बसणारी. मला वाटलं, झाली तयार. म्हातारा खोपटातून आला तेव्हा मी विचारलं, “आज न्यायचं का?”

“अजून चार-पाच दिवस.”

“अहो, पोरीकडे बघा जरा! आणि पाखराचा आवाज बसलाय.”

“तुला काय कळतं त्यातलं? खोपटात पाऊल तरी टाकलंयस कधी?”

“तुम्ही टाकू दिलंत?”

“मग गप बस. मला माझं कळतं.” असं म्हणाला खरा, पण आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. दोनदा तो चोळला.

तिथं मी बोलायला हवं होतं. अहो, दर वर्षी मी घालते, या वर्षी घातलं नाही, एवढं एक वाक्य. जिभेवर आलं होतं. पण अकरा वर्षांची चोरी एका दमात कबूल करायची? त्याचा ताठा, त्याचे ते चौदा दिवस, गावभर सांगितलेलं त्याचं शास्त्र, सगळं माझ्या उंदरांवर चाललं होतं हे त्याच्या तोंडावर सांगायचं? माझी छाती झाली नाही. आणि मनात हेही होतं की त्याचा अंगठा आहे ना, अंगठ्याला कळेल.

तेराव्या दिवशी पोर रडायचं थांबलं. नुसतं डोळे उघडे ठेवून पडून राहिलं. हात्सुए माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, ही आता मागतसुद्धा नाही.” तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं, तेही आटलं असावं.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, “चौदावा बिदावा दिवस काही नाही. आत्ता निघायचं.”

“हाकारा कोण घालणार? गोन्स्केला चढ चढवत नाही.”

“मी आहे की.”

“बाईनं डोंगरावर? शिकारीला?”

“देवीला माझा हेवा वाटेल असं काय उरलंय माझ्याकडे? बघू दे तिला, हसेल बिचारी.” सेइजीची विजार चढवली, डोकं फडक्यानं बांधलं, बर्फात रुतू नये म्हणून पायात जाळीच्या खडावा अडकवल्या. म्हातारा कुत्र्याच्या कातड्याचा हातमोजा घालून खोपटात गेला आणि तिला हातावर घेऊन बाहेर आला.

इतक्या वर्षांत मी तिला उजेडात जवळून कधी पाहिलं नव्हतं. पिसं फुगवून बसली होती, म्हणून मोठी दिसत होती. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्याच पायांकडे बघायला लागले.

म्हातारा कड्याच्या माथ्यावर उभा राहिला. मी खाली, देवदारांच्या रांगेत. खालून ओरडत वर चढायचं. ससा नेहमी वर पळतो, आणि पाखरू वरून सुटतं. मी ओरडायला लागले, “होऽऽइ हो! होऽऽइ हो!” कंबरेएवढं बर्फ. दर दहा पावलांनी धाप लागायची. पहिल्या उतारावर काही नाही. दुसऱ्यावर जुने ठसे. ऊन डोक्यावर आलं आणि कलायला लागलं. मी देवीला सांगितलं, बाई, एक दे. एकच. मग मला ढकल दरीत, मी चूं करणार नाही.

तिसऱ्या उतारावर एका खोडामागून ससा उठला. पांढऱ्यावर पांढरा, कानांची काळी टोकं तेवढी पळताना दिसली. मी घसा फोडून ओरडले. वर म्हाताऱ्यानं हात पुढे फेकला.

आली ती! पंख अर्धे मिटून, बर्फाला लागून, सरळ. तिचा एक पंजा सशाच्या पुठ्ठ्यात बसला. आता ससा मान वळवतो आणि दुसरा पंजा त्याच्या तोंडावर बसतो, की संपलं. म्हाताऱ्यानं शेकडो वेळा शेकोटीपाशी हातवारे करून सांगितलं होतं. सशानं मान वळवलीही. पण दुसरा पंजा आलाच नाही. ससा तिला ओढत उतारावरून खाली निघाला, आणि ती पंख पसरून फरफटत त्याच्यामागे. पण तिनं सोडलं नाही.

“धर!” म्हातारा वरून किंचाळला. “तोसे, धर त्याला!”

ते माझ्याच अंगावर येत होते. मी स्वतःला झोकून दिलं. ससा माझ्या पोटाखाली सापडला, मागच्या पायांनी त्यानं माझी विजार फाडली, मांडी फाडली. मी त्याची मान दोन्ही हातांनी पिरगळली. मोडल्याचं कळलं तरी हात सोडेना. मग मी रडायला लागले आणि हसायलाही. “मिळाला! अहो, मिळाला!” मोठा ससा होता, भरलेला. हात्सुएला चार दिवस पुरेल एवढा.

म्हातारा घसरत खाली आला. सशाकडे त्यानं पाहिलंही नाही. पाखरू एका कुशीवर पडलं होतं, एक पंजा अजून सशात रुतलेला. त्यानं गुडघ्यावर बसून नखं एकेक करून सोडवली, सशाचं पोट चिरलं आणि काळजाचा वाफाळता तुकडा तिच्या चोचीशी धरला. पहिला घास पाखराचा, कुणी मरत असलं तरी. तिनं तुकडा चोचीत घेतला आणि तो खाली पडला. त्यानं पुन्हा दिला. पुन्हा पडला. त्यानं तिची चोच उघडून आत पाहिलं. मग मोजा काढून अंगठा तिच्या छातीवरून फिरवला, हळूहळू, दोनदा.

माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, “शेवटचा उंदीर कधी घातलास?”

“कसला उंदीर?”

“तोसे. कधी घातलास?”

“तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्या वर्षापासून. मी आतच बसलो होतो अंधारात, तुझा हात आला तेव्हा. नऊ दिवसांचं काम मी त्यानंतर चौदा दिवसांत करायला लागलो. तू रोज एक घालणार, हे धरून.” त्याचा आवाज इतका साधा होता की मला भीती वाटली. “कधी घातलास शेवटचा?”

“या वर्षी घातला नाही,” मी म्हटलं. “एकही नाही. फुमीसाठी. म्हटलं चांगली भुकेली होईल...”

वारा सुटला होता. म्हातारा म्हणाला, “तिची शीट हिरवी पडत होती, उपाशी मरणाऱ्या पाखराची पडते तशी. अंगठा सांगत होता, धार लागली, धार लागली. मी अंगठ्याला म्हटलं, तू म्हातारा झालास, चुकतोस. बायको घालतेय ना, मग अजून चार दिवस थांब.” त्यानं चाकू बर्फात पुसला. “माझा तुझ्यावर भरवसा होता गं.”

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. थोबाडीत मारली असती तर त्याहून बरं. मी तो पडलेला तुकडा उचलला, तोंडात घातला, चावून चावून त्याचा लगदा केला आणि तिचं डोकं हातात घेतलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला हात लावला. म्हाताऱ्यानं मला अडवलं नाही. मी तिची चोच उघडून बोटानं तो लगदा आत सारला, घशापर्यंत. थांबले. तिच्या गळ्याखालचं पीस हललं. गिळलं!

“गिळलं हो! गिळलं तिनं! अजून द्या, आतडं द्या, रक्त द्या, अर्धा ससा द्या तिला—”

“जास्त दिलंस तर मरेल. उपाशी पोटाला जास्त झेपत नाही. घरी चल. शेकोटीशी नेऊ.”

“घरात? शेकोटीशी?”

“हो, घरात.”

त्यानं तिला मोज्यावर घेतलं आणि वरून आपलं पेंढ्याचं इरलं पांघरलं. मी ससा पाठीला बांधला. सगळा उतार मी बडबडत होते: तिला हात्सुएच्या शेजारी निजवू, मी रात्रंदिवस चावून भरवीन, गोन्स्केकडे उंदीर मागीन, अख्ख्या गावातले उंदीर सोलीन. म्हातारा मधूनमधून ‘हं’ म्हणत होता. इरल्याखाली ती मोज्याला धरून आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं. “धरलंय तिनं. घट्ट धरलंय.”

ओढ्यावरच्या फळकुटाच्या पुलापाशी तो थांबला.

“काय झालं?” मी विचारलं.

त्यानं इरलं बाजूला केलं नाही. “सोडलं तिनं,” म्हणाला.

आम्ही तिथं उभे राहिलो. मग मला आठवलं की पाठीवर ससा आहे आणि घरात पोर रडायचं थांबलंय. मीच त्याच्या दंडाला धरून ओढलं.

त्या सशाचं मी काही वाया जाऊ दिलं नाही. रक्त घट्ट करून भाजलं, मांस शिजवलं, हाडं दगडावर कुटून कुटून त्यांचे गोळे केले आणि मिसोच्या पाण्यात उकळले. हात्सुए खाताना माझ्याकडे आणि म्हाताऱ्याकडे बघत होती. आम्ही दोघांनी घास घेतला नव्हता. “आई, तुम्ही?” “तू खा. खाताना बोलू नये.” मग म्हातारा उठून खोपटात गेला. त्यानं तिला कुठं पुरलं ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फुमी छातीला लागली आणि ओढता ओढता थांबली. मला वाटलं, गेली. मग तिच्या गळ्यात हललं. गिळत होती. हात्सुएनं माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. मी मान फिरवली. मला दुसराच गळा आठवला होता.

आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू. पण भांड्यात आता कुटायलाही हाड उरलं नव्हतं, आणि दूध काही एकदा येऊन वर्षभर राहत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर म्हातारा उठला, शेजारी गोन्स्केच्या दारात गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे पेंढ्याचं कडं मागितलं. गोन्स्केनं आपलं कडं दिलं आणि दार लावून घेतलं.

म्हातारा कडं खांद्याला अडकवून डोंगराकडे निघायची तयारी करत होता. तेवढ्यात धान्याच्या पेटीजवळ सापळा खटकला. मी उठले. उंदीर काढला, सुरी घेतली, सोलला, डोकं-शेपूट कापलं आणि मागच्या दारानं दगडापाशी गेले. फटीतून हात आत घातला. नेहमीसारखा. आत काही हललं नाही. तेव्हा कुठं मला कळलं, मी काय करतेय ते. हात बाहेर काढायचंही सुचेना. सोललेला उंदीर बोटांत धरून मी तशीच वाकून उभी राहिले आणि मोठ्यांदा रडले.

मागे खडावा करकरल्या. म्हातारा येऊन उभा होता. आता बोलणार, मला वाटलं. जे पुलापाशी बोलला नाही ते आता बोलणार. पण तो खोपटाचं दार उघडून आत गेला. अंधारात त्याच्या खाली बसण्याचा आवाज आला, आणि मग माझ्या बोटांतून तो उंदीर त्यानं हळूच काढून घेतला.